बेरी

आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी सकाळी सातच्या सुमारास येते. तिचं गाणं वळणावरच ऐकू येतं, आणि ते आलं की राजेंद्रनगरातल्या बायका हातातलं काम टाकून डबे घेऊन फाटकाशी उभ्या राहतात. पुण्याहून माझी बहीण आली होती तेव्हा तिला वाटलं कुणाची तरी वरात आली. ओला, सुका, प्लास्टिक, डायपर-पॅडचा वेगळा, औषधं-बॅटऱ्यांचा वेगळा, मोडक्या चार्जरचा वेगळा, असे सहा प्रकार. इंदूरच्या माणसाला आता हे झोपेतही जमतं. त्या मंगळवारी मात्र माझ्या हातात सातवी पिशवी होती. काळी, दोन गाठी मारलेली, आणि आत माईंचे रात्रीचे दोन डायपर. आदल्या दिवशी माईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, बोन स्कॅन झाला होता. निघताना तिथल्या मुलीने बजावलं होतं, "आजी डायपर वापरत असतील तर ते दोन-तीन दिवस बाजूला ठेवा, मग टाका." मी मान डोलावली होती. आणि सकाळी फाटकाशी गेले तर समोरच्या वहिनी डबा घेऊन उभ्या, मागे खिडकीत माई उभ्या, आणि गाडीवरचा मुलगा विचारतोय, "आंटी, ये किसमें?" मी म्हटलं, "सॅनिटरी." त्याच्या एकाच हातात मोजा होता. पिशवी त्याने दुसऱ्या हाताने घेतली, कप्प्यात टाकली, आणि गाणं पुढच्या गल्लीत वळलं.

गोष्ट एवढीच.

पण दिवसभर तो उघडा हात डोळ्यांसमोरून जाईना. खरं सांगायचं तर मी विसरले नव्हते. पिशवी उचलताना मला त्या मुलीचे शब्द स्वच्छ आठवत होते. आड आल्या त्या माई. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, अजून स्वतःची आंघोळ स्वतः करते, लुगडं सुटलं तरी पाचवारी सोडून गाऊनमध्ये जात नाही. रात्रीपुरतं डायपर घालायचं तिने गेल्या पावसाळ्यात कबूल केलं, तेही मी रडले तेव्हा. "माझी घाण तीन दिवस घरात साठवणार का गं?" असं तिने विचारलं असतं तर मी काय उत्तर देणार होते? म्हणून दिली पिशवी. माईंची लाज राखली आणि जोखीम, जी काय असेल ती, एका अनोळखी पोराच्या तळहातावर ठेवली. किती आहे हे मला ठाऊकही नव्हतं. आता ठाऊक आहे, आणि ती जवळजवळ काहीच नव्हती. पण ते नंतर कळलं. देताना कळलेलं नव्हतं, ही टोचणी त्यामुळे जात नाही.

स्कॅनचं कारण पाठदुखी. पंधरा वर्षांपूर्वी माईंच्या छातीतली गाठ काढली होती, त्यामुळे त्यांची पाठ दुखली की डॉक्टरांना मणक्याआधी ती गाठ आठवते. न्यूक्लियर मेडिसिनचा विभाग तळघरात होता. जाड दार, त्यावर पिवळ्या पाटीवरचं ते तीन पाकळ्यांचं चिन्ह. आत तंत्रज्ञाने शिशाच्या डब्यातून सिरिंज काढली, तिलाही धातूचं जाड कवच. "एवढी जड सुई?" माई म्हणाल्या. तो हसला. औषध अगदी थोडं, पाण्यासारखं, बिनरंगाचं. मग तीन तास नुसतं बसायचं आणि पाणी प्यायचं. खोलीत सहा-सात माणसं, प्रत्येकाच्या हातात बाटली, कुणी कुणाशी बोलत नाही. एखाद्या विचित्र उपासाला जमल्यासारखी सगळी घोट घोट पाणी पितात आणि पाळीपाळीने त्या वेगळ्या संडासात जाऊन येतात, जिथे भिंतीवर लिहिलंय, दोनदा फ्लश करा. नंतर माईंना एका अरुंद फळीवर आडवं केलं आणि दोन मोठ्या चौकोनी पाट्या त्यांच्या अंगाजवळ आल्या. मला काचेपलीकडून पडदा दिसत होता. त्यावर आधी एकेक ठिपका पडला, मग ठिपक्यांची भुरभुर, मग रांगोळीसारखं हळूहळू खांदे, बरगड्या, मणक्यांची माळ. एक्स-रे काढताना यंत्र किरण सोडतं, हे मला माहीत होतं. इथे यंत्र नुसतं बघत होतं. किरण माईच सोडत होत्या. घरी आल्यावर छोटूला, म्हणजे त्यांच्या पणतूला, रात्रीपर्यंत मांडीवर घ्यायचं नव्हतं. तो दारातून "पंजी, पंजी" करून हात पसरत होता आणि माई खुर्चीत हात पाठीमागे धरून बसल्या होत्या, चोरी पकडली गेल्यासारख्या.

मंगळवारी संध्याकाळी मी शेजारच्या काकांना गाठलं. ते कॅटमधून निवृत्त झालेत. सरकारी नाव आता राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, पण आमच्या भागातल्या रिक्षावाल्यालाही 'कॅट'च कळतं. मी सगळं सांगितलं, पिशवीसकट. त्यांनी आधी चहा मागवला, मग वर्तमानपत्राच्या समासात हिशोब मांडला. टोचलं ते टेक्नेशियम-९९एम. दर सहा तासांनी निम्मं होतं. सोमवारी सकाळी अकराला टोचलं, मंगळवारी सातपर्यंत वीस तास झाले, म्हणजे दहावा हिस्सा उरला. त्यातलंही बरंचसं तिथल्याच संडासात गेलं. साठ तासांनी हजारावा हिस्सा. "आणि वजन म्हणशील तर पहिल्यापासूनच नॅनोग्रॅममध्ये. पोराला काही होत नाही. तू झोप." मग समासातच त्यांनी एक गाय काढली. हे टेक्नेशियम साठवून ठेवता येत नाही, सहा तासांत निम्मं होणारी वस्तू कोण साठवणार? म्हणून त्याची आई आणतात. मॉलिब्डेनम-९९, ती ६६ तासांनी निम्मी होते. शिशाच्या छोट्या पिंपात अ‍ॅल्युमिनाच्या नळीला ती चिकटवून ठेवलेली असते. रोज सकाळी वरून मिठाचं पाणी सोडायचं. मॉलिब्डेनम जागेवर राहतं आणि त्यातून तयार झालेलं टेक्नेशियम पाण्याबरोबर उतरतं. अमेरिकेत ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत १९५०च्या दशकाच्या अखेरीस ही युक्ती निघाली, आणि तिकडची माणसं तिला गायच म्हणतात. सकाळी धार काढली की उद्यापर्यंत कास पुन्हा भरते. आठवडा-दहा दिवसांनी गाय आटते, मग नवी आणायची.

मला फार बरं वाटलं. गायीचं ऐकूनही बरं वाटलं. उठता उठता मी उगाच विचारलं, "आणि ही मॉलिब्डेनम कुठून येते?"

काका म्हणाले, "ते विचारू नकोस. ती मोठी खरकटी गोष्ट आहे."

खरकटी हा शब्द त्यांनी सहज वापरला असेल, पण माईंच्या घरात तीस वर्षं काढलेल्या बाईला तो सहज वाटणं शक्य नाही. आमच्याकडे अजून घरी तूप होतं. पिशवीचं दूध मंद आचेवर तापवायचं, रात्री साय काढायची, आठ दिवसांची साय जमली की विरजण लावायचं. रवीने घुसळायचं काम आता मिक्सरकडे गेलंय, पण लोणी वर आलं की त्याचा गोळा माईच काढणार. उरलेल्या ताकाची कढी. लोणी धुतलेलं पाणी कणकेत. मग कढवणं. कढईत आधी फेस चढतो, तडतड होते, मग एका क्षणी आवाज थांबतो. माई पलीकडच्या खोलीतून ओरडतात, "गॅस बंद कर!" त्यांना वास येतो तो बरोबर त्याच क्षणी. वर विड्याचं पान टाकायचं. तूप गाळून घेतलं की तळाशी राहते ती बेरी, तपकिरी, रवाळ, किंचित आंबट, जळता जळता राहिलेली. तिच्यात साखर घालून घरातल्या सगळ्यात लहान पोराला द्यायची. एवढ्यानेही संपत नाही. बेरी काढलेल्या कढईत माई कणीक फिरवून घेतात आणि त्या कणकेची एक पोळी लाटतात. त्यानंतर ती कढई घासायला टाकली तर घासणारीला काम उरत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला हा चिक्कूपणा वाटायचा. माहेरी आम्ही बेरी टाकत असू. पहिल्यांदा मी ती मोरीत ओतली त्या दिवशी माई काही बोलल्या नाहीत, नुसत्या मोरीपर्यंत जाऊन बघून आल्या. ते बघणं मला अजून आठवतं.

तर ती खरकटी गोष्ट. त्या रात्री झोप नव्हतीच, मी वाचत बसले, आणि नंतरही काकांचं डोकं खात राहिले. जगातलं बहुतेक मॉलिब्डेनम-९९ युरेनियम फोडून काढतात. युरेनियम-अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या किंवा नळकांड्या करायच्या, अणुभट्टीत पाच-सात दिवस ठेवायच्या, काढून काही तास थंड होऊ द्यायच्या आणि जाड भिंतीआडून यांत्रिक हातांनी अल्कलीत नाहीतर आम्लात विरघळवायच्या. युरेनियमचे शंभर अणू फुटले की साधारण सहांतून मॉलिब्डेनम-९९ मिळतं. तेवढं वेचून घेतात आणि विमानात घालतात. सगळी घाई, कारण तासाला एक टक्का माल वाटेतच नाहीसा होतो. उशिरा पोचलेलं विमान म्हणजे खरोखर सांडलेलं दूध. इथवर ठीक. पण त्या पट्टीतलं जे फुटणारं युरेनियम, युरेनियम-२३५, त्यातलं त्या पाच-सात दिवसांत खर्ची पडतं शंभरातलं जेमतेम दोन-तीन टक्के. उरलेलं सत्त्याण्णव तसंच्या तसं. आणि हे उरलेलं साधंसुधं नव्हे. वर्षानुवर्षं या पट्ट्यांसाठी ९० टक्क्यांहून अधिक समृद्ध केलेलं युरेनियम वापरत, म्हणजे ज्यात हा फुटणारा भाग शंभरात नव्वदांहून जास्त असतो असं, बॉम्बच्या जातीचं. इतक्या कष्टाने, इतक्या खर्चाने चाळलेलं, निवडलेलं ते युरेनियम, त्यातून चमचाभर लोणी काढायचं आणि उरलेलं ताक टाकीत भरून कुलूप लावायचं. पुन्हा वापरायचं नाही. कारण त्यात आता फुटक्या अणूंची राख मिसळलेली असते, सीझियम, स्ट्रॉन्शियम आणि आणखी बरंच काही. ती वेगळी काढून युरेनियम शुद्ध करण्यापेक्षा नवं विकत घेणं सोपं आणि स्वस्त. औषधाच्या कारखान्यांना औषधाशी कर्तव्य. दशकं अशीच गेली.

वाचताना मी मनात मोरीपर्यंत जाऊन बघून आले.

कॅनडात चॉक रिव्हर नावाच्या गावी एक भट्टी होती, १९५७ साली सुरू झालेली. एकेकाळी जगातल्या मॉलिब्डेनमचा तिसरा हिस्सा ती एकटी पुरवायची. मे २००९मध्ये तिच्या भांड्यातून जड पाणी गळू लागलं आणि ती बंद पडली ती ऑगस्ट २०१०पर्यंत. मधेच हॉलंडमधली पेटनची भट्टीही दुरुस्तीसाठी थांबली. हे वाचलं आणि मी पलंगावर उठून बसले. माईंचं ऑपरेशन २०१०च्या उन्हाळ्यातलं. ऑपरेशनआधी हाडांचा स्कॅन हवा होता आणि त्याची तारीख दोनदा पुढे ढकलली गेली होती. खिडकीतला माणूस म्हणायचा, "माल नहीं आया." माझे यजमान त्याच्यावर खेकसले होते. हा काय किराणा आहे का, माल आला नाही म्हणायला? आम्ही तेव्हा सगळा राग त्या खिडकीवर काढला. आता वाटतं, त्या बिचाऱ्याला तरी काय ठाऊक असणार. सात समुद्रांपलीकडे एक भांडं गळत होतं आणि इंदुरात माई पदराखाली हात घेऊन गाठ चाचपत बसल्या होत्या.

त्याच चॉक रिव्हरला मॉलिब्डेनम काढून उरलेलं ताक, सुमारे २३ हजार लिटर, एका टाकीत वर्षानुवर्षं होतं. आम्लात विरघळलेलं, अति-समृद्ध युरेनियम. ते नुसतं ठेवून चालत नसे. थिजू द्यायचं नाही, तळाशी साका बसू द्यायचा नाही, कारण युरेनियम एका जागी जास्त गोळा झालं तर आपोआप अणू फुटण्याची साखळी पेटू शकते. म्हणून ऊब द्यायची, ढवळत राहायचं, लक्ष ठेवायचं. कुणाच्या तरी हाडांचा फोटो दोन मिनिटं बघून डॉक्टरांनी फाइल मिटली, तो रुग्ण बरा झाला किंवा गेला, आणि इकडे त्याचं ताक कुणीतरी ढवळतंच आहे. शेवटी २०१७पासून ते खास पिंपांत भरून ट्रकांनी अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनात, सव्हाना रिव्हरला नेऊ लागले. तिथे त्यातली राख वेगळी काढायची आणि युरेनियममध्ये साधं युरेनियम मिसळून त्याचा जोर उतरवायचा, म्हणजे बॉम्बला निरुपयोगी, पण वीज करणाऱ्या भट्टीत चालेलसं. आंबट ताकात पाणी घालून कढी करतात ना, तसंच. अमेरिकेने २०१२च्या कायद्यात आणखी एक गंमत केली. मॉलिब्डेनम करणाऱ्यांना आम्ही युरेनियम भाड्याने देऊ आणि वापरून झालं की ज्या खरकट्याची दुसरीकडे सोय नाही ते परत घेऊ. मला हे फार ओळखीचं वाटलं. मुलाच्या मुंजीला आम्ही छत्रीबागेजवळून पातेली भाड्याने आणली होती. परत करताना दुकानदाराने एकेका पातेल्यात हात फिरवून पाहिला आणि एकाच्या तळाशी मसालेभात लागला होता त्याचे पैसे वेगळे लावले. पातेलं कुणाचं, खरकटं कुणाचं, हे असं आधी ठरलेलं असलं की निदान भांडायला तरी जागा राहते.

काकांना मी विचारलं, मग आपल्याकडे काय? त्यांचा चेहरा जरा खुलला. मुंबईत ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात फार पूर्वीपासून दुसरी वाट होती. युरेनियम न फोडता साधं मॉलिब्डेनमच 'ध्रुव' भट्टीत ठेवायचं. ते न्यूट्रॉन पितं आणि त्यातलं थोडं मॉलिब्डेनम-९९ होतं. खरकटं जवळजवळ नाही. पण दूध पातळ. चिकटवून ठेवायला नळी फार मोठी लागेल, म्हणून एका द्रावकात घोळवून टेक्नेशियम वेगळं काढतात, आणि त्या कामाला चांगला हात बसलेला माणूस लागतो. मोठ्या इस्पितळांना जाड दूध हवं, ते युरेनियम फोडूनच मिळतं, आणि ते बाहेरून मागवत आलो आहोत. "म्हणजे ताक त्यांच्याकडे आणि लोणी आपल्याकडे," मी म्हटलं. काका म्हणाले, "तू आता सगळ्याचं ताक करून ठेव."

मग मात्र त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मला बेरीसारखी वाटली. ट्रॉम्बेला तिथल्या संशोधनाच्या भट्ट्यांचं जळकं इंधन टाकत नाहीत. १९६४पासून तिथे पुनर्प्रक्रिया चालते. युरेनियम, प्लुटोनियम वेगळं काढतात आणि मागे जे जहाल पाणी उरतं ते काचेत ओतून गोठवतात. आता त्या जहाल पाण्यातूनही सीझियम-१३७ वेचून घेतात आणि त्याच्या काचेच्या कांड्या करतात, पेन्सिलीएवढ्या. त्या रक्तपेढीच्या यंत्रात बसतात. ज्यांची प्रतिकारशक्ती पार गेली आहे त्यांना रक्त द्यायचं तर दात्याच्या पांढऱ्या पेशी त्यांच्याच अंगावर उठतात; पिशवी त्या कांड्यांपुढे थोडा वेळ धरली की त्या पेशी निपचित पडतात. रुथेनियमपासून डोळ्याच्या कर्करोगावरची चकती, स्ट्रॉन्शियमपासून यट्रियम, जे यकृताच्या गाठींना देतात. सगळं तळाचं, सगळं टाकायचं. मी काही बोलले नाही. माईंना हे कसं सांगता येईल याचा विचार करत होते. साखर घालून पोराला द्यायची तीच ही.

हे सगळं गोडच असतं तर बरं होतं. चहाचा कप ठेवून काका म्हणाले, "पण कढई घासणाऱ्याच्या हातात सुरी असते, हेही विसरू नकोस." १९७४च्या पोखरणचं प्लुटोनियम ट्रॉम्बेलाच पुनर्प्रक्रियेतून निघालं होतं, आणि ज्यांचं नाव आमच्या शेजारच्या केंद्राला आहे ते रामण्णाच त्या चाचणीचे धुरीण होते. त्या स्फोटानंतर जग दचकलं. १९७७मध्ये कार्टर यांनी अमेरिकेतली व्यापारी पुनर्प्रक्रिया बेमुदत थांबवली. जळक्यातून चांगलं वेचण्याचं रसायन आणि बॉम्बचा माल वेचण्याचं रसायन एकच. औषधाच्या पट्टीतून उरलेलं ते सत्त्याण्णव टक्के शुद्ध करायचं ठरवलं तर हातात पुन्हा बॉम्बच्या जातीचंच युरेनियम येणार. म्हणून काही लोकांना वाटायचं की ते घाणीत मिसळलेलं आहे तेच बरं, घाणच त्याची राखणदार. माईंच्या भाषेत सांगायचं तर दागिने धान्याच्या कोठीत पुरणं. पण ही राखणही कायमची नाही, कारण घाण दर वर्षी थोडी निवते आणि दागिना तसाच राहतो. त्यावर उपाय म्हणून गेल्या काही वर्षांत मोठ्या उत्पादकांनी २० टक्क्यांहून कमी समृद्ध युरेनियमच्या पट्ट्या धरल्या. त्याचा बॉम्ब होत नाही. मात्र तेवढ्याच मॉलिब्डेनमसाठी युरेनियम पाचपट लागतं, म्हणजे खरकटं वाढतं. एक भांडं सारखं करावं तर दुसरं कलंडतं. त्यातल्या त्यात मला अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एका कंपनीची आखणी पटली. युरेनियम पहिल्यापासूनच पाण्यात विरघळवून ठेवायचं, प्रवेगकाने त्यावर न्यूट्रॉन सोडायचे, मॉलिब्डेनम गाळून घ्यायचं आणि तेच पाणी पुन्हा टाकीत. घुसळलेलं ताक परत विरजणाला. आमच्या घरी हे चालत नाही, पण कल्पना माईंना आवडली असती.

बुधवारी काही कामाने बायपासवरून जाणं झालं. देवगुराडियाच्या बाजूला पूर्वी गाडीच्या काचा चढवाव्या लागत. कुजक्याचा आणि जळक्याचा वास, घारी, आणि कचऱ्याचा डोंगर, ज्याला आम्ही कधी डोंगर म्हणायचोही नाही कारण तिकडे बघायचंच नाही असं ठरलेलं. आता तो डोंगर नाही. तिथे ओल्या कचऱ्यापासून गॅस करतात, दिवसाला ५५० टन कचरा खाणारा कारखाना आहे, आणि त्या गॅसवर शहरातल्या बसेस धावतात. मला या शहराचा अभिमान आहे, तो मी बहिणीपुढे भरपूर मिरवते. पण त्या दिवशी बसमध्ये बसल्यावर वेगळंच मनात आलं. आपण इंदूरकर डबे सहा केले आणि त्याहून पुढचं सगळं गाडीवर सोपवून फाटक लावलं. मीही तेच केलं होतं, उघड्या हाताच्या पोराला. माझ्या फाटकातून गेलेलं अडीच दिवसांत विरून जाणारं होतं. माईंच्या त्या थेंबासाठी कुठेतरी विरघळवलेल्या पट्टीतलं सीझियम निम्मं व्हायला तीस वर्षं लागतील, आणि उरलेलं युरेनियम निम्मं व्हायला सत्तर कोटी. त्याचा डबा कुठला, ते ढवळतंय कोण, हे आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्हीही कुणाला विचारलं नाही. मग मला स्वतःचाच राग आला. माईंचा स्कॅन नको होता का? हवाच होता. पुन्हा लागला तर पुन्हा करू. बसने सपना-संगीतापाशी वळण घेतलं आणि मी भाजीची यादी आठवू लागले.

संध्याकाळी रिपोर्ट आला. मणके झिजलेत, वयानुसार. बाकी काही नाही. मी देवापुढे साखर ठेवली. माई म्हणाल्या, "एवढं काय ते, म्हटलं होतं मी, गादी बदला." छोटू मंगळवारपासूनच त्यांच्या मांडीवर परत होता आणि त्यांच्या बांगड्या मोजत होता, एक, दोन, पाच.

मंगळवारच्या आणि बुधवारच्या पिशव्या मी गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, तेलाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवल्या होत्या. हिशोबाने पहाता त्यांत ठेवण्यासारखं काही नव्हतंच. तरी ठेवल्या. माईंना कळू दिलं नाही. गुरुवारी गाणं ऐकू आलं तशी मी डबा घेऊन खाली उतरले आणि पिशव्या काढून पुढे केल्या. तोच मुलगा. "सॅनिटरी," मी न विचारताच म्हटलं. आज त्याच्या एकाही हातात मोजा नव्हता. घरात रबरी मोज्यांचा नवा जोड होता, भांडीवाल्या बाईसाठी आणलेला. मी तो आदल्या रात्रीच फाटकाच्या खुंटीला अडकवून ठेवला होता. दिला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, खिशात कोंबला, आणि उघड्याच हाताने पिशव्या उचलून टाकल्या. "थैंक्यू आंटी." गाणं वळलं.

मागून माईंचा आवाज आला. "तो डबा नाही ना टाकलास?"

त्यांना गच्चीचं ठाऊक होतं की नुसत्या डब्याचं, हे मी विचारलं नाही. म्हटलं, "आहे, आहे."

"मग दे इकडे. कोथिंबीर लावायचीय मला त्यात."

डबा मी आधी मोरीवर नेला. एकदा विसळला असता तरी पुरलं असतं, हिशोब मला पाठ होता. तीनदा घासला, उन्हात पालथा घातला, आणि दुपारी माईंच्या हातात दिला. त्यांनी तो उचलून नाकाशी नेला, बुडावर नख वाजवलं. "काकांना म्हणावं, तळाला दोन भोकं पाडून द्या," म्हणाल्या.